दोन समीकरणं आणि हिंगणघाटची कबर

२० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला एक इंग्रज अधिकारी वारला. वय सत्तरीच्या आसपास. हैदराबादहून आपला सगळा कारभार नागपूरला हलवायला निघाला होता आणि नागपूर दोन-तीन मुक्कामांवर राहिलं असताना वणा नदीकाठच्या या गावात त्याचा प्रवास संपला. तिथेच त्याला पुरलं. तेव्हा वर्धा जिल्हा नव्हता, तो १८६२ साली झाला. हिंगणघाट तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं आणि त्या राज्यावर सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रज रेसिडेंटचा हात होता.

या माणसाचं नाव विल्यम लॅम्बटन. त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव हिंगणघाटात विचारून बघा, दहातले नऊ जण मान हलवतील. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, आणि गेली काही वर्षं दोन धडे सुरू करताना हे नाव हटकून घेतो. एक, भाग १ मधला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. दुसरा, भाग २ मधला ‘निर्देशक भूमिती’. पोरं दोन्ही धडे पाठ करतात आणि बोर्डाची परीक्षा झाली की विसरतात. पण हे दोन धडे एका माणसाने वीस वर्षं पायी चालत सोडवले आणि तो आपल्या जिल्ह्यात येऊन मेला, हे कळल्यावर निदान मागच्या बाकावरची मुलं वर बघतात.

आधी एक उदाहरण. मोबाईलवर नकाशा उघडा. वर्धा शहरावर बोट दाबून धरा, दोन आकडे दिसतील: अक्षांश साधारण २०.७४, रेखांश ७८.६०. मग हिंगणघाटवर धरा: २०.५५ आणि ७८.८४. झाले दोन बिंदूंचे निर्देशक. आता सरळ रेषेत अंतर किती?

अंतराचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. निर्देशकांची वजाबाकी, दोन्ही वजाबाक्यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. अक्षांशांतला फरक ०.१९, रेखांशांतला ०.२४. वर्ग ०.०३६१ आणि ०.०५७६. बेरीज ०.०९३७. वर्गमूळ ०.३०६.

वर्गात इथपर्यंत सगळे येतात. मग मी विचारतो, ०.३०६ काय? किलोमीटर? मैल? कोणीतरी म्हणतं, ‘अंश, सर.’ बरं, अंश तर अंश. पण अंशाने एसटीचं तिकीट निघत नाही. एक अंश म्हणजे जमिनीवर किती किलोमीटर, हे कळल्याशिवाय हे उत्तर हवेत लटकलेलं आहे. आणि सूत्रात आणखी एक अट लपलेली असते. ती पुस्तकात लिहिलेली नसते, कारण आलेखाच्या कागदावर ती आपोआप पाळली जाते. उभ्या अक्षावरचा एक आणि आडव्या अक्षावरचा एक सारख्याच लांबीचे पाहिजेत. पृथ्वीवर तसं नाही.

एक अंश किती लांब? लॅम्बटनचा प्रश्न हाच होता.

तो वेलिंग्टनच्या, म्हणजे तेव्हाच्या आर्थर वेलस्लीच्या पलटणीतला. १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. टिपू पडल्यावर म्हैसूर हाती आलं आणि कंपनीला नकाशा हवा झाला. हे विसरायचं नाही. राज्य करायला, फौज हलवायला, सारा वसूल करायला नकाशा लागतो. लॅम्बटनला मात्र त्या निमित्ताने पृथ्वीचा आकार मोजायचा होता. कंपनीच्या पैशाने शुद्ध गणित करून घेणारा असा माणूस विरळा.

सुरुवात एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी. सपाट जमिनीवर साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेषा मोजायची. हिला आधाररेषा म्हणू. मोजायला शंभर फुटी पोलादी साखळी. म्हणजे चारशे वेळा साखळी उचला, पुढे ठेवा, ताणा. ऐन उन्हाळ्यात.

आता पोलाद उन्हाने वाढतं. किती? तापमान १ सेल्सिअस अंशाने वाढलं तर शंभर फुटी साखळी साधारण ०.००११५ फूट लांबते. हे दोन चलांचं सरळ समीकरण झालं. तापमानातली वाढ क्ष आणि साखळीची खरी लांबी य म्हणा:

य = १०० + ०.००११५ क्ष

(जुन्या मराठी पुस्तकांत चलांना क्ष आणि य असंच म्हणायचे, एक्स-रेला आपण अजून क्ष-किरण म्हणतो ते त्यातूनच. भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिलं अज्ञात ‘यावत्तावत्’ आणि पुढची अज्ञातं रंगांच्या नावांची: कालक, नीलक, पीतक. मला ते जास्त आवडतं, पण परीक्षेत लिहू नका.)

सकाळपेक्षा दुपारी तापमान १० अंशांनी जास्त असेल तर य = १००.०११५. फरक एका साखळीत जेमतेम इंचाचा सातवा हिस्सा. मुलं म्हणतात, ‘एवढं कोण बघतं?’ चारशेने गुणा. साडेचार फूट. लॅम्बटनच्या लोकांनी साखळी लाकडी खोक्यांत ठेवून तिच्याशेजारी थर्मामीटर ठेवले, ते यासाठी. पहिल्याच पायरीत साडेचार फुटांचं पाप घेतलं तर पुढची प्रत्येक पायरी ते वाहत नेणार.

इथून पुढे जमीन मोजायची नाही. फक्त कोन मोजायचे. हीच सगळी गंमत आहे.

आधाररेषेचं एक टोक अ, दुसरं ब. दूर टेकडीवर एक झेंडा, त्याला क म्हणू. तिथे न जाता ती टेकडी कुठे आहे ते काढायचं. अ हा आरंभबिंदू माना, (०, ०). ब मग (१२, ०), कारण रेषा १२ किलोमीटरची. अ वर उभं राहून झेंड्याकडे पाहिलं, कोन ४५ अंश आला. ब वर जाऊन पाहिलं, कोन ६३ अंश २६ मिनिटं. (हे आकडे मी हिशेब सोपा यावा म्हणून घेतलेत.) ४५ अंशाची रेषा म्हणजे चढ १. ती अ मधून जाते, म्हणून

य = क्ष

ब पासून निघणारी रेषा मागे, अ च्या बाजूला झुकलेली आहे, म्हणून तिचा चढ ऋण. ६३ अंश २६ मिनिटांचं टॅन २, म्हणून चढ −२. ती (१२, ०) मधून जाते, म्हणून

य = −२(क्ष − १२), म्हणजे य = −२क्ष + २४

झेंडा दोन्ही रेषांवर आहे. म्हणजे दोन्ही समीकरणं त्याच्यासाठी एकदम खरी आहेत. पहिल्यातला य दुसऱ्यात घाला: क्ष = −२क्ष + २४. म्हणून ३क्ष = २४, क्ष = ८, आणि य पण ८. टेकडी (८, ८) वर आहे. पाऊल न टाकता.

‘एकसामयिक समीकरणं’ हा शब्द वर्षानुवर्षं मुलांच्या डोक्यावरून जातो. त्याचा अर्थ एवढाच, की दोन माणसं दोन जागांवरून एकाच झेंड्याकडे बघताहेत. एकाच माणसाने पाहिलं तर झेंडा कुठल्या दिशेला ते कळतं, किती लांब ते कळत नाही. म्हणून दोन अज्ञातांना दोन समीकरणं लागतात. दोन्ही रेषा समांतर असल्या तर उत्तर नाही, कारण तसा झेंडाच नाही.

आता अ ते क अंतर काढा: ६४ अधिक ६४, वर्गमूळ ११.३ किलोमीटर. ब ते क: १६ अधिक ६४, वर्गमूळ ८.९. या दोन बाजू आता माहीत झाल्या, म्हणजे त्या पुढच्या त्रिकोणांच्या आधाररेषा झाल्या. क वरून पुढची टेकडी, तिच्यावरून पुढची. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत लॅम्बटन निघाला, आडवा मद्रासहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि उभा कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेला, ७८ अंश रेखांशाच्या आसपास.

कोन मोजायला होता अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला होता आणि त्यांनी तो सन्मानाने परत केला. टेकडी नसेल तिथे देवळाची उंची वापरायची. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि वर्तुळच वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून ते कित्येक आठवडे ठोकून, ओढून पुन्हा गोल केलं. यंत्र वाहणारे, झेंडे धरून दिवसचे दिवस टेकडीवर बसणारे, रान तोडणारे लोक इथलेच. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्टचं पथकच्या पथक तापाने आडवं झालं, काही माणसं परतीच्या वाटेवर मेली. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची नावं नसतात.

आणि मग ताळा. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. ‘सर, याला मार्क नाहीत ना?’ वरच्या उदाहरणात तिला अर्धं मिनिट लागतं. (८, ८) दुसऱ्या समीकरणात घालायचं, −१६ अधिक २४ बरोबर ८, जमलं. लॅम्बटनचा ताळा मात्र महिनोन्‌महिने चालायचा. मद्रासहून त्रिकोण जोडत बंगळूरला पोचल्यावर तिथल्या एका रेषेची लांबी हिशेबाने आली. मग १८०४ साली तीच रेषा पुन्हा साखळीने, जमिनीवर, नव्याने मोजली. सात मैलांहून लांब रेषा. हिशेब आणि साखळी यांत फरक आला चार इंचांहूनही कमी. पुढेही ठरावीक टप्प्यांवर नवी आधाररेषा मोजायची आणि हिशेब तिच्यावर टेकवून बघायचा, हा शिरस्ता राहिला.

कोनांचाही ताळा असे. त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजायचे. दोन मोजले की तिसरा १८० तून वजा करून मिळतो, तरी मोजायचा. आणि मोजल्यावर बेरीज १८० येतच नसे, थोडी जास्त येई. हातचूक वजा केली तरी जास्तच. कारण जमीन सपाट कागद नाही, गोल आहे. प्रत्येकी ५० किलोमीटर बाजूंचा त्रिकोण घेतला तर बेरीज १८० अंश आणि वर साधारण साडेपाच सेकंद भरते. एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शाळेत ज्या प्रमेयाची सिद्धता आपण लिहितो, ते हिंगणघाटच्या शेतांवर सेकंदांच्या हिशेबात खोटं आहे, आणि किती खोटं आहे हे मोजता येतं.

आता अंशाकडे. दोन ठिकाणांमधलं उत्तर-दक्षिण अंतर त्रिकोणांतून मिळालं. दोन्ही टोकांना तारे पाहून अक्षांश काढले. अंतर भागिले अक्षांशांतला फरक, झाली एका अंशाची लांबी. पण ती सगळीकडे सारखी नाही. न्यूटनने म्हटलं होतं की पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असणार, आणि १७३० च्या दशकात फ्रेंचांनी लॅपलँड आणि पेरूत मोजणी करून ते खरं ठरवलं होतं. विषुववृत्ताजवळ अंश आखूड, ध्रुवाकडे लांब. नेमका किती, हे ठरवायला विषुववृत्ताजवळचा लांबलचक तुकडा हवा होता, आणि तो लॅम्बटनने दिला. कन्याकुमारीजवळून १८ अंशांपर्यंत, जवळजवळ १० अंश.

यातून पृथ्वीचा आकार कसा निघतो? पुन्हा दोन चलांतली दोन समीकरणं. अक्षांशाच्या साइनचा वर्ग स म्हणा. अंशाची लांबी जवळपास अशी असते:

लांबी = क्ष + य × स

क्ष म्हणजे विषुववृत्तावरचा अंश, य म्हणजे ध्रुवापर्यंत जाताना होणारी वाढ. एक मोजणी दक्षिण भारतातली घ्या, १० अंशांवर. तिथे स ०.०३, लांबी ११०.६१ किलोमीटर. दुसरी इंग्लंडमधली, ५२ अंशांवर. तिथे स ०.६२, लांबी १११.२७. (आकडे आजच्या मोजणीचे, दोन दशांशस्थळांपर्यंत. लॅम्बटनचे फूट आणि फॅदममध्ये होते.)

क्ष + ०.६२य = १११.२७
क्ष + ०.०३य = ११०.६१

वजा करा. क्ष गेला. ०.५९य = ०.६६. य = १.१२. मागे घाला: क्ष = ११०.६१ − ०.०३ = ११०.५८. आणि ध्रुवावर स १, म्हणून तिथला अंश १११.७०. उपग्रहांनी मोजलेले आकडे ११०.५७ आणि १११.६९ आहेत. दहावीच्या पहिल्या धड्यातली पहिली रीत, चार ओळी, आणि विषुववृत्तावर किंवा ध्रुवावर न जाता दोन्ही ठिकाणचा अंश हातात. लॅम्बटननंतर एव्हरेस्टने १८ अंश ३ मिनिटांपासून २४ अंश ७ मिनिटांपर्यंतचा पुढचा तुकडा पुरा केला. हिंगणघाटचा अक्षांश त्याच्या मधोमध पडतो. त्या मोजणीवरून १८३० साली ठरवलेला पृथ्वीचा आकार भारताच्या नकाशांनी पुढे दीडशेहून जास्त वर्षं वापरला.

राहिलेलं गणित पुरं करू. आपल्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण अंश ११०.७ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंश त्याहून आखूड, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावरचे १११.३ गुणिले अक्षांशाचं कोसाइन ०.९३६, म्हणजे १०४.२. आता ०.१९ गुणिले ११०.७ म्हणजे २१. ०.२४ गुणिले १०४.२ म्हणजे २५. वर्ग ४४१ आणि ६२५, बेरीज १०६६, वर्गमूळ ३२.६५. वर्धा ते हिंगणघाट सरळ रेषेत सुमारे साडेबत्तीस किलोमीटर. दोन्ही अक्षांना आंधळेपणाने १११ नेच गुणलं असतं तर ३४ आले असते, आणि सव्वा किलोमीटर कुठून आला ते कळलं नसतं.

लॅम्बटन हैदराबादहून इकडे येत होता. १२८ वर्षांनी, मार्च १९५१ मध्ये, वर्ध्याहून एक माणूस उलट दिशेने पायी निघाला, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला. पवनारचे विनोबा. गणित हा त्यांचा जीव की प्राण. इंटरची परीक्षा सोडून, प्रमाणपत्रं जाळून आलेला माणूस, पण गणित सुटलं नाही. त्या फेरीत १८ एप्रिलला पोचमपल्लीत हरिजनांनी ८० एकर मागितले, रामचंद्र रेड्डींनी १०० दिले, आणि भूदान सुरू झालं. पुढे विनोबा सहावा हिस्सा मागू लागले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. हे निव्वळ बीजगणित आहे. मुलगे क्ष असतील तर मागणी

१ ÷ (क्ष + १)

क्ष = ५ घाला, एक षष्ठांश. ३० एकरवाल्याच्या पाच मुलांना सहा-सहा एकर मिळणार होते, आता पाच-पाच मिळतील. प्रत्येकाने एक सोडला, सहाव्याला पाच झाले. घरात भांडण लागू नये इतका सोपा हिशेब. देशाचाही तोच: लागवडीखाली ३० कोटी एकर धरले, मागितले ५ कोटी.

लॅम्बटनच्या त्रिकोणांनी जमीन कुठे आहे ते सांगितलं, कोणाची असावी ते नाही. विनोबांनी दुसरा प्रश्न धरला, आणि पहिला मागे राहिला. बऱ्याच दानपत्रांवर एकर लिहिलेले असत, सर्व्हे नंबर नसत. हद्द नाही, नकाशा नाही. निर्देशकांशिवायचा बिंदू. काही जमीन खडकाळ निघाली, काही वादातली, काही वाटलीच गेली नाही.

एकूण मिळाली सुमारे ४२ लाख एकर. जगात मागून कोणाला इतकी जमीन मिळाल्याचं मला ठाऊक नाही, हे खरंच. पण ताळा करायचाच असेल तर आकडे तयार आहेत. ३० कोटींत ४२ लाख म्हणजे साधारण ७१ वा भाग. समीकरण तेच ठेवा:

१ ÷ (क्ष + १) = १ ÷ ७१

क्ष + १ = ७१. क्ष = ७०. जमीनवाल्याला पाच नाही, सत्तर मुलगे होते असं धरलं तर हिशेब जुळतो.